घड्याळ आलं की हात जड

कंपनीने परदेशातली एक कंपनी विकत घेतल्याची बातमी फाटकाजवळच्या फळ्यावर लागली, त्या दिवशी मामा बोटभर उंच झाले. एरवी खाली बघत चालणारे मामा त्या सकाळी मान वर करून विभागात शिरले आणि कपडे बदलायच्या आधी सरळ कोपऱ्यातल्या जुन्या ग्राइंडिंग मशीनपुढे जाऊन उभे राहिले. त्या मशीनवर पितळेची पट्टी होती आणि पट्टीवर त्याच परदेशी कंपनीचं नाव.

"काय मग?" मामा मशीनला म्हणाले. "शेवटी आलंस ना आमच्या घरात?"

मागे उभी असलेली माणसं हसली. त्या दिवशी सगळ्यांना हसायचंच होतं.

मामा हे त्यांचं कारखान्यातलं नाव. त्यांना सख्खी, चुलत, मानलेली अशी एकही बहीण नव्हती, म्हणजे हक्काने मामा म्हणणारं जगात कुणी असायचं कारण नाही. पण स्क्रेपिंग विभागातली सत्तावीस माणसं त्यांना मामाच म्हणायची, आणि त्यांचं ऐकून साहेबसुद्धा. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ याच विभागात होता. सोळा वर्षांपूर्वी मामांनीच त्याला इथे चिकटवलं होतं. साहजिकच सगळे त्याला मेहुणा म्हणायचे, आणि तोही बिचारा अख्ख्या विभागाचा मेहुणा होऊन सुखाने नांदत होता.

काम कसलं, तर लोखंड खरवडायचं. मशीनचा बेड, म्हणजे ज्याच्यावर बाकीचं सगळं मशीन सरकतं ते तीन मीटर लांबीचं धूड, कापून आलं की डोळ्याला आरशासारखं सपाट दिसतं. पण ते सपाट नसतं. निळा रंग लावलेली मास्टर प्लेट, म्हणजे आधीच बिनचूक सपाट केलेली लोखंडी पाटी, त्यावर घासली की जिथे उंचवटा आहे तिथे निळा ठिपका उठतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा. कमरेचा जोर लावायचा आणि मनगटाने तो आवरायचा. मग पुसायचं, पुन्हा प्लेट घासायची, पुन्हा ठिपके बघायचे. असं करत करत ठिपके बेडभर सारखे पसरले की तो बेड खरा सपाट. हे काम करणाऱ्याची बोटं कायमची निळी होतात आणि कंबर वयाच्या आधी म्हातारी होते. कुठलंही मशीन हे काम माणसाइतकं चांगलं करत नाही, असं मामा म्हणायचे. ते खरंही होतं.

हे सगळं मामा शिकले ते त्या कोपऱ्यातल्या परदेशी मशीनवरून. वस्तादांनी पहिल्या आठवड्यात त्यांचा तळहात त्या बेडवर ठेवला होता आणि म्हणाले होते, "सपाट म्हणजे हे. हे हाताला पाठ झालं की मग स्क्रेपरला हात लाव." पुढची सगळी वर्षं या लोकांनी त्या कंपनीची नक्कल करण्यात घालवली. आणि आता ती कंपनी आपली!

"आपण घेतली," सगळे म्हणत होते. जणू प्रत्येकाने जाऊन किल्ल्या हातात घेतल्या होत्या. एकट्या वकिलाने खोडा घातला. हा वकील कोर्टातला नव्हे, स्क्रेपरवालाच. प्रत्येक गोष्टीत 'पण' म्हणायचा, म्हणून वकील.

"पण मामा, आपल्याला काय त्याचं?"

"अरे, काय म्हणजे?" मामा म्हणाले. "उद्या तिकडचे मिस्त्री इथे येतील आणि तुला साहेब म्हणतील. मालक आहेस आता तू त्यांचा."

वकील हसला आणि कामाला लागला. मामांना मात्र आपलंच वाक्य इतकं आवडलं की ते त्यांनी दिवसभरात चार जणांना ऐकवलं.

आता या विभागाचा एक नियम सांगायला हवा. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळला जायचा. नियम असा, की घड्याळ आलं की हात जड.

वरून कुणी हातात घड्याळ घेऊन वेळ मोजायला आलं की सगळ्यांनी हळू व्हायचं. तेही असं, की बघणाऱ्याला वाटावं काय मन लावून काम चाललंय. प्लेट एकदा पुसायची तिथे तीनदा पुसायची. निळा रंग लावायचा, नाक मुरडायचं, पुन्हा पुसून पातळ लावायचा. स्क्रेपरला धार असतानाही दगडावर फिरवत बसायचं. मेहुणा तर डोळा बारीक करून बेडकडे असा बघत राहायचा की मोजणारासुद्धा श्वास रोखून धरायचा. एका बेडला दोन माणसांचे साडेपाच दिवस लागायचे. कागदावर आठ होते.

हा नियम आळशीपणातून आलेला नव्हता. मामा तरुण असताना, हात सळसळत होते त्या वयात, एकदा असाच घड्याळवाला आला होता. मामांनी त्याच्यापुढे ऐट मिरवली आणि दहा दिवसांचा बेड आठ दिवसांत काढून दाखवला. शाबासकी मिळाली. पुढच्याच आठवड्यात आठ हा कायदा झाला. वस्तादांची कंबर तोवर गेलेली होती. त्यांना आठ दिवसांत जमेना, आणि वर्षाच्या आत त्यांना घरी बसवलं. त्यांना कुणी काढलं, तर मामांच्या ऐटीने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मामांनी तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायचं ठरवलं. पुढे हात सुधारले, हत्यारं सुधारली, आठाचे साडेपाच झाले, पण कागदावरच्या आठाला मामांनी धक्का लागू दिला नाही. मधले अडीच दिवस विभागाचे होते. कुणाची पाठ धरली, कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाचं घरी बिनसलं, की ते त्या अडीच दिवसांत निभावून जायचं. इतक्या वर्षांत या विभागातून कमरेपायी कुणी घरी गेलं नाही, आणि हे आपलं कर्तृत्व आहे असं मामांना वाटायचं. वाटू दे. होतंच ते.

बातमी लागल्यावर चार महिन्यांनी मोजणीच्या बाई आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, इंजिनियर, मुख्य ऑफिसातून आलेल्या. हातात घड्याळ नव्हतं, पाटीसारखा तो पातळ संगणक होता, पण काम तेच. विभागात उभं राहून त्या म्हणाल्या, "रोज करता तसंच करा. हीच मोजणी तिकडच्या कारखान्यातही चालू आहे." मग जाता जाता मामांपाशी थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामा, या वेळी हळू नका करू. माझं ऐका. याहून जास्त मला बोलता येणार नाही."

मामांनी मान डोलावली. मनात म्हणाले, ही तर मागच्या सगळ्यांपेक्षा हुशार निघाली. मागचे नुसते बघत बसायचे, ही गोड बोलून काढून घेणार.

मेहुण्याला मात्र ते तसं वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो मामांशेजारी येऊन बसला. डबा उघडला नाही.

"दाजी, तिकडेही मोजतायत म्हणाल्या बाई."

"मग?"

"दोन्हीकडे मोजतायत म्हणजे दोन्ही ठेवायचे नाहीत. एवढं मोठं गिऱ्हाईक कुठंय दोन-दोन विभागांना? मला काही बरं नाही वाटत. या वेळी होऊ दे ना जोरात. मी आणि वकील पाच दिवसांत काढून दाखवतो."

"आणि मग पाच कायम झाले की? तुझी कंबर काय लोखंडाची आहे?"

"कंबर नंतर बघू, दाजी. आधी जागा तर राहू दे."

मामा हसले. समजूत काढायचं त्यांचं खास हसू होतं ते. "अरे वेड्या, विकत कोण घेतलंय कुणाला? माणूस दुसऱ्याचं दुकान विकत घेतो ते आपलं बंद करायला? बंद झालं तर त्यांचं होईल. आपण घरचे."

"पण दाजी..."

"आता तूही वकील झालास का? इथे तुला मी आणलंय. तुझं वाईट होईल असं मी करीन?"

यावर मेहुणा काय बोलणार? बहिणीचा नवरा, त्यात वडिलांच्या ठिकाणी, त्यात नोकरी लावलेली. त्याने डबा उघडला आणि खाली मान घालून जेवला. दुपारी मामांनी विभागातून एक चक्कर मारली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. ती खूण होती. सगळ्यांचे हात जड झाले.

घरीही विषय निघाला. मेहुण्याने बहिणीच्या कानावर घातलं असणार. मामांची बायको म्हणाली, "अहो, तो उगाच बोलणारा नाही. एकदा त्याचं ऐकून बघा की."

"तुला यातलं काय कळतं?"

"मला लोखंडातलं काही कळत नाही. माझा भाऊ कळतो. तो घाबरलाय."

"त्याला घाबरायला काही झालेलं नाही," मामा म्हणाले, आणि दिवा बंद करावा तसा त्यांनी विषय बंद केला.

मोजणी संपली. बाईंनी शेवटच्या दिवशी आकडा लिहिला तेव्हा मामा बाजूलाच होते. साडेआठ दिवस. बाई त्या आकड्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. "हेच लिहू?" त्यांनी विचारलं.

"जे दिसलं ते लिहा," मामा ऐटीत म्हणाले. "आमचं काम उघड्यावर आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. अजून काय सांगायचं.

निकाल दोन महिन्यांनी आला. विभागातल्या सगळ्यांना वरच्या मजल्यावरच्या सभागृहात बोलावलं, थंड पाणी दिलं, आणि साहेबांनी कागद वाचला. परदेशी कंपनी घेताना करारात एक कलम होतं. त्या देशातल्या लोकांनी ते हट्टाने घालून घेतलं होतं: दोन्हीकडे एकच काम होत असेल, तर जो विभाग कमी दिवसांत काम करतो तो राहील. तिकडचा आकडा सात दिवस. इकडचा साडेआठ. यापुढे बेड इथे ओतले जातील, कापले जातील, आणि खरवडायला तिकडे जातील.

"पण साहेब," वकील उठून म्हणाला, "त्यांचा एकाचा पगार आपल्या पाच जणांएवढा. मग स्वस्त कोण?"

"पगार कुणी बघितलाच नाही," साहेब म्हणाले. "गिऱ्हाइकाला मशीन लवकर हवंय, आणि करारात दिवस लिहिलेत."

अठ्ठावीसमधल्या नऊ जणांना रंगकामात आणि पॅकिंगमध्ये जागा मिळाली. मामांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, त्यांना सगळं नीट सोपवून देण्यासाठी ठेवलं. बाकीच्या अठरा जणांना तीन महिन्यांची मुदत आणि आभाराचं पत्र. मेहुणा त्या अठरांत होता.

मामा जिना उतरले तेव्हा त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. त्यांना वाटलं होतं, आता सगळे अंगावर येतील. कुणी आलं नाही. उलट एकेक जण जवळ येऊन म्हणू लागला, "जाऊ द्या हो मामा, तुमची काय चूक? वरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं." एका म्हाताऱ्याने तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मेहुणाही म्हणाला, "जाऊ द्या, दाजी." एवढंच म्हणाला आणि स्क्रेपर धार लावायला घेऊन गेला.

घरी बायकोने काही विचारलं नाही. तिला आधीच कळलेलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात एक सोय असते, उलट बोलता येतं. तिने ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसली. भांडी लावायला इतका वेळ लागत नाही, हे मामांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा साहेबांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता गेले.

"साहेब, मोजणीत आम्ही मुद्दाम हळू केलं. साडेपाच दिवसांचं काम आहे ते. पुन्हा मोजा."

साहेबांनी उठून दार लावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती वर्षं साडेपाच आहे?"

"बरीच."

"मामा, मी इथे अकरा वर्षं आहे. मला काय, दिसत नव्हतं?"

मामा बघतच राहिले. "मग मोजणीच्या वेळी का नाही बोललात?"

"मला वाटलं, एवढा जाणता माणूस, या वेळी तरी वारा ओळखेल. आणि मी बोललो असतो तर तुम्ही विश्वास ठेवला असता?" साहेबांनी टेबलावरचा एक कोरा कागद पुढे ओढला. "आता हे वर कळवायचं तर लिहून कळवावं लागेल. काय लिहू सांगा. अठ्ठावीस माणसं इतकी वर्षं साडेपाच दिवसांचं काम करून आठ दिवस लिहीत होती? हे वाचून ते विभाग उघडणार नाहीत. ते पत्रं परत घेतील आणि चौकशी लावतील. आज ही अठरा माणसं मानाने जातायत. उद्या चोर म्हणून जातील. लिहू?"

वरातीमागून घोडं घेऊन आलेला माणूस, तो घोड्यावर कुणाला बसवणार? मामा उठले. दारापाशी साहेब म्हणाले, "तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही." हे साहेब भल्यासाठीच म्हणाले. पण मामांना ते शिवीसारखं लागलं.

मुदत संपायच्या शेवटच्या आठवड्यात तिकडचा मिस्त्री आला. मास्टर प्लेटा ताब्यात घ्यायच्या होत्या आणि इथे खरवडला जाणारा शेवटचा बेड बघायचा होता. त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून मोजणीच्या बाई होत्या. मामांनी मनात त्याच्याविषयी काय काय साठवून ठेवलं होतं. तो समोर आला तर तोही साठीच्या जवळचा, पोक आलेला, कमरेची एक बाजू दुसरीपेक्षा खाली झुकलेली. त्याने हात पुढे केला. बोटं निळी.

शेवटचा बेड मेहुणा आणि वकील करत होते. आता हळू करायचं कारण उरलं नव्हतं. विभागात नियम मोडल्याचं कुणी बोललं नाही, पण त्या बेडवर मेहुण्याचे हात असे चालले की बाकीची माणसं आपलं आवरायचं सोडून बघत उभी राहिली. काय हात होता त्याचा! मामांनीच शिकवलेला, आणि मामांच्या पुढे गेलेला. सोळा वर्षांत त्याला असं पूर्ण जोराने काम करताना कुणी बघितलं नव्हतं. मामांनीसुद्धा नाही.

परदेशी मिस्त्रीने तळहात बेडवरून फिरवला, डोळे मिटून. मग निळा रंग लावून ठिपके बघितले. मोजले. पुन्हा मोजले. बाईंना काहीतरी विचारलं.

"किती दिवस लागले, विचारतायत," बाई म्हणाल्या.

"पाच," मेहुणा म्हणाला.

बाईंनी सांगितलं. मिस्त्रीने पाच बोटं दाखवून खात्री केली. मेहुण्याने मान हलवली. मग तो माणूस तिथल्या लाकडी खोक्यावर बसला आणि बराच वेळ बोलत राहिला. बाई थांबून थांबून सांगत होत्या. त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला.

"ते म्हणतायत, आम्ही विकले गेल्याचं कळलं त्या दिवशी घरी बायको रडली. आम्हाला वाटलं, संपलं आपलं. घेणारे लोक आपली माणसं ठेवतील, आपल्याला कशाला ठेवतील? म्हणून मोजणी आली तेव्हा घरी बसलेल्या दोन म्हाताऱ्या कारागिरांना गुपचूप परत बोलावलं. चहा बंद केला. उभ्याउभ्या जेवलो. एकाचं मनगट त्यात कायमचं गेलं. असं करून सात दिवसांत बेड काढला." बाईंनी एकदा मिस्त्रीकडे बघून खात्री केली. "आता तिथे बेडला नऊ दिवस लागतात, असं म्हणतायत. हे तुम्ही ऐकलं नाही असं समजा, असंही मला म्हणाले."

मिस्त्रीने मामांकडे बघून अजून एक गोष्ट विचारली. बाईंना ती सांगताना जड गेलं.

"विचारतायत, तुम्हाला भीती नाही वाटली का?"

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर एकच होतं आणि ते त्यांनीच सगळ्यांना पढवलेलं होतं. "आम्ही विकत घेणारे होतो," ते म्हणाले.

बाईंनी ते त्या भाषेत सांगितलं. मिस्त्री हसला नाही. त्याने उठून मामांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग प्लेटा मोजायला गेला.

पाळी संपल्यावर हात धुवायच्या नळावर मामांनी मेहुण्याला गाठलं. तो साबण लावून बोटं घासत होता. निळं जाणारं नव्हतं, पण घासत होता.

"ऐकलंस ना?" मामा घाईघाईने म्हणाले. "नऊ दिवस! बाईंनीही ऐकलंय. चल माझ्याबरोबर, वर जाऊ. आता नुसता माझा शब्द नाही. तू पाच दिवसांत काढलेला बेड समोर पडलाय. मी सांगतो त्यांना."

"आणि मग काय होईल, दाजी?"

"काय म्हणजे? करारात लिहिलंय ना, कमी दिवस ज्याचे त्याचा विभाग राहील!"

"म्हणजे तो मिस्त्री घरी. आणि त्याचे सगळे." मेहुण्याने नळ जरा मोठा केला. "त्याने विश्वासाने सांगितलं आपल्याला. त्याला मान खाली घालायला लावून मला इथे नाही राहायचं."

"अरे, पण त्यांनी लबाडी केली!"

"आपण काय केलं?"

मेहुणा खूप वेळ हात घासत राहिला. मग मामांकडे न बघताच बोलला.

"ते घाबरले म्हणून वाचले, दाजी. मी पण घाबरलो होतो. मी येऊन सांगितलं होतं तुम्हाला, डबा न उघडता."

तीन महिने मामांनी हे वाक्य येईल म्हणून धास्ती घेतली होती आणि येत नाही म्हणून रात्री जागून काढल्या होत्या. आता ते आलं, तेही किती हळू आवाजात.

"माझं चुकलं," मामा म्हणाले.

कारखान्यातल्या कुणाहीपुढे, बायकोपुढे, साहेबांपुढेसुद्धा त्यांनी हे दोन शब्द उच्चारले नव्हते. साहेबांपुढे ते 'आम्ही' म्हणाले होते. बोलून ते थांबले. आता मेहुणा 'जाऊ द्या, दाजी' म्हणेल, तो तसाच आहे, सोळा वर्षं हेच म्हणत आलाय, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं.

"हो," मेहुणा म्हणाला. "चुकलं."

त्याने हात पुसले आणि टॉवेल मामांच्या हातात दिला. मामांनी तो घेतला. त्यांचे हात कोरडेच होते, तरी ते पुसत राहिले.